दोन मिनिटांत गेलो

सोमवार, ११ मार्च

आधी कबूल करून टाकतो, बाकीचं नंतर. बायकांच्या वॉर्डात घंटी कधी वाजली आणि माणूस किती मिनिटांत पोचला, याच्या चारशे बारा नोंदी मी केल्यात. त्यातली एकही खरी नाही. सगळ्या पाण्याच्या टाकीमागे, सावलीत उताणा पडून लिहिल्यात. एक मिनिट, दोन मिनिटं, दोन, एक, दोन. मधूनच एखादं तीन टाकलं, संशय नको म्हणून.

यात चूक कुणाची? पेनी साहेबांची. पेनिसिमानी त्यांचं पूर्ण नाव. आईबाप आमच्याच बेटावरचे, पण हे जन्मले ऑकलंडला, शिकले तिथेच, आणि आता मंत्रालयाने त्यांना आमच्या दवाखान्यात 'सतत सुधारणा' करायला पाठवलंय. सतत म्हणजे कधी थांबायचंच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक चाक काढलं. ठरवा, करून बघा, मोजा, बदला, पुन्हा ठरवा. मी विचारलं, साहेब, यात चहा कुठे येतो? सगळे हसले, तेही हसले. म्हणून त्या माणसाचा राग येत नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोजायचं काम माझ्या गळ्यात मारलं आणि ही वही दिली. रोज एक सुधारणा सुचली की लिही म्हणाले. मला सुचतात त्या लिहिण्यासारख्या नसतात.

आज माझ्या आकड्यांचा तक्ता भिंतीवर लागला. हिरवीगार रेघ, एकदम सरळ. आमच्या मेट्रनबाई लाव्हिनिया म्हणजे माझी सख्खी आत्या. मला इथे वॉर्डबॉय म्हणून चिकटवलं तेही तिनेच. आत्यापुढे माझा बापसुद्धा मान वर करत नाही, मग माझी काय कथा. तर ती तक्त्यापाशी थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एका तरी कामाचा निघालास."

बावीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा. टाकीमागे जाऊन परत झोपलो, पण झोप लागेना.

गुरुवार, १४ मार्च

साहेबांनी एक सूचनापेटी लावलीय. मागच्या आठवड्यात मी तिच्यात चिठ्ठी टाकली, 'डुकरं हात न धुता व्हरांड्यात येतात.' खाली फिलिमोनेची सही, त्याच्या वाकड्या अक्षरात. फिलिमोने पण वॉर्डबॉय, माझ्या दुप्पट वयाचा, चर्चमध्ये सगळ्यात खालच्या पट्टीत गातो.

साहेबांनी चिठ्ठी भर मीटिंगमध्ये वाचली. मी हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबलेला. साहेब गंभीरपणे म्हणाले, दिवसातून किती वेळा येतात? दोन दिवस मोजलं. एकतीस वेळा. मग नारळाच्या ओंडक्यांचं कुंपण घातलं आणि आता डुकरं शून्य. फिलिमोनेला केक मिळाला. त्याने 'हो, मीच लिहिलं' म्हणून तो खाल्लाही. मला एक तुकडा दिला नाही.

माझ्या चुलत बहिणीला, ओफाला, काल दवाखान्यात आणली. अपेंडिक्स. रात्रीतच कापलं. बायकांच्या वॉर्डात तीन नंबरच्या खाटेवर आहे. आत बहीण, म्हणजे तो वॉर्ड आता मला बंद, तिकडचं फिलिमोने बघतो. निम्मं काम कमी झालं, देव तिचं भलं करो.

रविवार, १७ मार्च

आज वाईट झालं.

सकाळी दहाची प्रार्थना. पेशंटांपाशी बसणारी घरची माणसं सगळी रस्त्यापलीकडे चर्चमध्ये. फिलिमोनेही तिथेच. दवाखान्यात नर्स एकटी अकोसिता आणि मी. अकोसिता उत्तरेकडच्या लांबच्या बेटावरची, इथे तिचं रक्ताचं कुणी नाही. तेवढ्यात एक बाई कळा देत आली. अकोसिता तिला घेऊन बाळंतखोलीत पळाली. जाता जाता म्हणाली, "केलेपी, घंटीकडे बघ."

पहिलं भजन सुरू झालं आणि घंटी वाजली. सहा नंबर, लेसिएली आजी. मी दारापर्यंत गेलो. वीतभर उघडलं. समोरच तीन नंबर, ओफाचा पाय चादरीबाहेर, उघडा. मी दार ओढून घेतलं. दुसरं काय करणार? बाहेर उभा राहिलो. वाटलं, अकोसिता येईलच. परत वाजली. मी मोठ्याने खोकलो. बाहेरूनच म्हणालो, येतंय हं कुणीतरी. बाळंतखोलीकडे गेलो, पण तिथे तर आत जायचा प्रश्नच नाही, दारावर थाप मारून परत आलो. घंटी पुन्हा. मग बंद झाली. मला वाटलं, चला, मिटलं.

मग आतून धप्प आवाज आला.

मी बोंबलत बाळंतखोलीकडे पळालो. अकोसिता रक्ताच्या हातमोज्यांनीच धावत आली. मी दारातून स्ट्रेचर आत ढकललं. आजीला तिने आणि दोन पेशंट बायकांनी मिळून उचललं. खुबा मोडलाय.

जेवढं मला करता येण्यासारखं होतं तेवढं मी केलं.

सोमवार, १८ मार्च

आजीला विमानाने मोठ्या बेटावर नेलं. जायच्या आधी ती सगळ्यांना एकच सांगत होती, "पहिल्या भजनाला मी घंटी दाबली. तिसरं संपत आलं तरी कुणी फिरकलं नाही. मग उठले. लघवीला कितीदा थांबायचं माणसाने?"

पेनी साहेब तिच्याशी वाद घालत नव्हते, पण मीटिंगमध्ये त्यांनी तक्ता दाखवला. चारशे बारा घंट्या, सरासरी दोन मिनिटांच्या आत. म्हणजे आमच्याकडे घंटी वाजली की माणूस जातो. म्हणजे एकतर आजी औषधाच्या गुंगीत बडबडतेय, नाहीतर त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या नर्सने हयगय केली. आजी आमच्या पाद्र्याची मावशी. ती खोटं बोलते असं कोण म्हणणार?

पुढच्या सोमवारी मंत्रालयाची माणसं तक्ता बघायला येताहेत. त्यांच्यापुढे अकोसिताचा विषय निघणार. तिला कायम व्हायला दोन महिने उरलेत. फिलिमोने म्हणाला, ती आता घरी जाणार. मी विचारलं, सुट्टीवर? तो म्हणाला, शहाण्या, कायमची.

मंगळवार, १९ मार्च

अकोसिता बँडेज मोजत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. एरवी मी आलो की ती म्हणते, "आला का कार्टा, आज काय लपवलंस?" कारण मी तिचा स्टेथोस्कोप दोनदा भाताच्या डब्यात ठेवलाय. आज बँडेजांवरून नजर काढली नाही. मग हळूच म्हणाली, "तू दाराशी होतास ना?"

"होतो."

"मग?"

"ओफा आत होती."

तिचा हात थांबला. मग ती म्हणाली, "हो. मग कसा जाणार तू." आणि परत मोजायला लागली.

मी म्हटलं, हे मीटिंगमध्ये सांग. ती म्हणाली, "काय सांगू? एका पोरीचं नाव घेऊ, तिच्या भावाने तिला अंथरुणात बघितलं म्हणू, चारचौघांत? माझ्या नोकरीसाठी?"

तिने मला शिवी घातली असती तर बरं झालं असतं. शिव्या मला पचतात.

बुधवार, २० मार्च

आत्याला सांगितलं. सगळं नाही, तक्त्याचंच. म्हटलं, ते आकडे मी बनवलेत. ती चादरींच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. म्हणाली, मंत्रालय येतंय, या दवाखान्याचं नाव आहे, बावीस वर्षं घासलीत मी इथे. अकोसिताला वर्षभरात दुसरीकडे कुठेतरी लावून देईन. तू तोंड शिव आणि ती वही इकडे दे.

आत्या मागते म्हणजे द्यायचंच असतं. मी दिली. फक्त ती स्वयंपाकघरातली टॅरो कंदांच्या हिशेबाची वही होती, कव्हर सारखंच आहे. उघडेल तेव्हा बघू.

उद्यापासून खरं मोजणार. काय होतंय ते एकदा डोळ्याने बघतो. नाही मोजू देत म्हणाले तरी मोजणार.

शुक्रवार, २२ मार्च

दोन दिवस उलट्या बादलीवर बसून मोजलं. समोर भिंतीवरचं घड्याळ. टाकीमागे एकदाही गेलो नाही. घंट्या अडतीस.

नर्स मोकळी असली तर मिनिट, दीड मिनिट. नर्स अडकलेली आणि वॉर्डपाशी आम्ही पुरुषच असलो तर अकरा. चौदा. नऊ. सतरा. बावीस. बावीसवाल्या बाईने चादर ओली केली आणि तोंडावर उशी घेऊन रडत होती, असं नंतर नर्सने सांगितलं.

आणि गंमत म्हणजे जो तो दारापर्यंत जातो. फिलिमोने गेला, वीतभर दार उघडलं, मग त्याला चपलेत काटा रुतल्याचं आठवलं. पाच मिनिटं काटा शोधत होता. काटाबिटा काही नव्हता. आत पाच नंबरला त्याच्या काकाची मुलगी आहे. ॲम्ब्युलन्सवाला हानितेली दारापर्यंत गेला आणि टायर बघायला गेला. त्याची बहीण आठ नंबरला. या बेटावर कुठलीही बाई आजारी पडली की ती कुणाची ना कुणाची बहीण असते. चुलत, मावस, आत्ये, काय फरक पडतो, बहीण म्हणजे बहीण. म्हणजे त्या दारात कायम कुणीतरी भाऊ उभा. काटा शोधत.

मला हसू यायला लागलं. मग आठवलं, रविवारी खोकत कोण होतं.

शनिवार, २३ मार्च

पेनी साहेबांच्या खोलीवर गेलो. ते लादीसाठी रबरी चटया मागवत होते. त्यांच्या मते आजी घसरली. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला बहीण आहे?

"दोन आहेत. का?"

"त्यांच्या खोलीत जाता?"

"जातो की. टीव्ही त्यांच्याच खोलीत होता."

घ्या. मग पहिल्यापासून सांगितलं. मी बारा वर्षांचा झालो तेव्हा ओफा राहते त्या घरात मी झोपायचं नाही असं ठरलं, आणि माझं अंथरूण परसातल्या झोपडीत गेलं. तेव्हापासून आम्ही एका खोलीत बसलो नाही, एकमेकांशी थेट बोललो नाही. काही सांगायचं असलं तर आईमार्फत. भांडण नाही. उलट, मान आहे तो. तिच्या अंगावर पांघरूण नसताना मी आत गेलो तर माझी नाही, तिची मान खाली जाते. साहेब ऐकत राहिले. त्यांचे आईबाप इथलेच, पण त्यांनी पोरांना हे सांगितलंच नव्हतं.

"मग एवढ्या दिवसांत हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"सांगायचं म्हणजे बहिणीचं नाव घ्यायचं. घेणार कोण?"

मग मी चारशे बाराचं सांगितलं. आणि त्यांच्यापुढे खऱ्या अडतीस ठेवल्या. त्यांचा चेहरा असा झाला की मला माझ्याच चेष्टेची पहिल्यांदा लाज वाटली. ते म्हणाले, तक्ता मी गुपचूप उतरवू शकतो, ओल येऊन खराब झाला म्हणून सांगता येईल. मी अडतीसचं पान त्यांच्याकडे आणखी सरकवलं. ते स्वतःच मान खाली घालून म्हणाले, नाही, तेही नको.

सोमवारी बोलशील का, असं त्यांनी विचारलं. बोल असं म्हणाले नाहीत.

सोमवार, २५ मार्च

कमरेला बापाची चांगली चटई गुंडाळून गेलो. अशा ठिकाणी चटईशिवाय उभं राहणं म्हणजे नागडं जाणं. मंत्रालयाचे दोघं, त्यातला मोठा भलताच जाड, खुर्ची कुरकुरत होती. आत्या पहिल्या रांगेत. तिच्या मांडीवर टॅरोची वही. म्हणजे उघडली होती.

अकोसिताचं नाव निघालं तसा मी उठलो. म्हणालो की तक्ता खोटा आहे, तो मी टाकीमागे झोपून बनवलाय, खरे आकडे हे. वाचून दाखवले. बावीस म्हणालो तेव्हा मागून कुणीतरी नाक ओढलं. जाड साहेबांनी विचारलं, मग त्या रविवारी घंटी ऐकून तू का गेला नाहीस?

या प्रश्नाचं उत्तर खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि एकालाही ते ऐकायचं नव्हतं. फिलिमोने छताकडे बघत होता.

आत्या म्हणाली, "केलेपी, खाली बस."

"नाही बसणार, आत्या."

हे म्हणताना तिच्याकडे बघायचं टाळलं, खोटं कशाला लिहू. पण बसलो नाही. म्हणालो, "आत माझी बहीण होती म्हणून मी दारात उभा राहिलो. आजी तीन भजनं थांबली, मीही तीन भजनं थांबलो, दोघांच्या मध्ये एक दार. उद्याही कुणीतरी भाऊ तिथे उभा असेल. अकोसिताला काढायचं असेल तर आधी या बेटावरचा एकेक भाऊ काढा. मग बघा, दवाखाना झाडायला कोण उरतंय."

जाड साहेबांनी पेन खाली ठेवलं. चटईची गाठ चाचपली. म्हणाले, "मला पाच बहिणी आहेत." आणि चहा मागवला.

मंगळवार, २६ मार्च

अकोसिताचा विषय बंद. तिच्या फायलीत काही गेलं नाही.

मला तीन महिने धुलाईखोलीत टाकलंय. आत्या माझ्याशी बोलत नाही. बापाने रात्री पानात डुकराचं मटण वाढू दिलं नाही, नुसती टॅरोची पानं. सगळं मंजूर आहे. एकदाही माफी मागितली नाही, मागणारही नाही.

साहेबांनी नवा तक्ता लावला, माझ्या खऱ्या आकड्यांचा. लाल रेघ, दात पडलेल्या करवतीसारखी. मी म्हटलं, मंत्रालयाला कसं दिसेल हे? ते म्हणाले, दिसू दे. आता मला हा माणूस आवडायला लागलाय.

बायकांच्या वॉर्डाच्या दारावर एक पाटी टांगलीय. ड्यूटी बदलताना आतल्या बायका नर्सला सांगतात, कोण आत यायला नको. कारण विचारायचं नाही, नुसतं पुरुषाचं नाव खडूने लिहायचं. म्हणजे फिलिमोनेचं नाव असेल तर हानितेली जाईल. काटा शोधायला नको. आजच तीनदा चाललं. ओफाच्या टाक्यांत पू झालाय, ती अजून तीन नंबरलाच आहे, म्हणून माझं नाव पाटीवर सगळ्यात वर. धुलाईतून मी कशाला जातोय तिकडे, पण लिहिलंय.

शुक्रवार, २९ मार्च. गुड फ्रायडे

सकाळीच धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन वॉर्डाशी गेलो. सगळं गाव चर्चमध्ये. अकोसिता बाळंतखोलीत, तिथून ओरडण्याचा आवाज. पाटीवर माझं नाव, खाली फिलिमोनेचं, त्याखाली हानितेलीचं. वॉर्डात जाणारे पुरुष तेवढेच तीन. आता यावर साहेबांचं चाक काय म्हणतं?

घंटी वाजली. तीन नंबर.

हानितेली व्हरांड्यात बसला होता, त्याने पाटीकडे बघितलं, मग आकाशाकडे. घंटी परत. दाराच्या फटीतून दिसलं, ओफाने पाय खाली टाकले होते, एका हाताने भिंत धरलेली, दुसरा पोटावर. चेहरा राखेसारखा. ती पडणार होती. मला ते धप्प परत ऐकायचं नव्हतं.

मी आत गेलो. पाटीवर माझं नाव असताना.

तिने मला बघितलं आणि जागच्या जागी थिजली. मला वाटलं, आता ओरडेल. दहा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "डोळे मीट."

मी मिटले. घट्ट. हात पुढे केला. तिने दंड धरला, हात गरम लागला, ताप होता. म्हणाली, "सरळ चल. थांब. डावीकडे. तुझ्या डावीकडे, गाढवा." लहानपणी असंच म्हणायची. मी एका खाटेला आपटलो, नडगी सोलली, हू का चू केलं नाही. पलीकडच्या खाटांवरच्या बायका भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या, मला कसं कळणार, डोळे मिटलेले. संडासाच्या दाराशी म्हणाली, पाठ कर. केली. परत येताना पुन्हा तसंच. खाटेवर बसली, चादर ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, "जा आता." मी गेलो. दारापर्यंत डोळे उघडले नाहीत, दारही डोक्यानेच उघडलं.

बाहेर अकोसिता उभी होती, हातमोजे काढत. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने तक्त्याचा कागद घेतला, तीन नंबरच्या घंटीसमोर लिहिलं, 'चार मिनिटं, अकोसिता.' मी म्हटलं, ही खोटी नोंद झाली. ती म्हणाली, "तुला तरी कळायला हवं, काही नोंदी अशाच असतात." हानितेली टायर बघायला गेला होता.

ही वही जो कुणी वाचत असशील, ऐक. चारशे बाराचं जगाला सांग. आत्याला टॅरोची वही दिली, तिला भर सभेत नाही म्हटलं, तेही खुशाल सांग, मीच सांगत फिरतो. पण हे नको. माझ्या बापाला नको, ओफाच्या बापाला तर मुळीच नको, पेनी साहेबांनाही नको, ते तक्त्यात घालतील. घंटी परत वाजली आणि कुणी नसलं तर मी परत जाणार आहे, माझ्या मनात त्याबद्दल काही शंका नाही. पण ओफाला अजून लग्न करून या बेटावर मान वर करून चालायचंय. तुझ्या पाया पडतो, हात जोडतो, काय हवं ते कर माझं, पण कुणाला सांगू नकोस.